नाव तुमचं, नंबर आमचा

नाशिकला गंगापूर रोडवर एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी पॅथॉलॉजीची लॅब सुरू केली, तेव्हा माझ्याकडे एक मायक्रोस्कोप, एक फ्रिज, सोनार नावाचा एक टेक्निशियन आणि गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वास होता. नव्हता तो काउंटरवर बसणारा माणूस. पहिले दोन महिने मीच रक्त काढायचे, मीच काचपट्ट्या बघायचे आणि मीच बिलं करायचे. बिलं करताना माझी चिडचिड व्हायची आणि ती पेशंटवर निघायची. शेवटी खालच्या औषधवाल्यानेच कंटाळून एक माणूस वर पाठवला. "मॅडम, तुमचा आवाज खाली दुकानात येतो," असा निरोपही त्याच्याबरोबर दिला.

तो माणूस म्हणजे बच्छाव आप्पा. तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. पांढरा बुशकोट, खिशाला दोन पेनं, चष्म्याला काळी दोरी आणि चेहऱ्यावर काहीही नाही. राग, हसू, उत्सुकता, काहीच नाही. मूळचे सटाण्याकडचे. आधी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला होते आणि जकात नाक्यावर उभं राहून ट्रकमधल्या मालाचे फॉर्म भरायचे. मी त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून एका सर्जनची चिठ्ठी पुढे ठेवली. त्या सर्जनचं अक्षर त्याच्या कंपाउंडरलाही लागायचं नाही. आप्पांनी चष्मा लावला आणि सहाच्या सहा तपासण्यांची नावं खडाखडा वाचून दाखवली.

"ह्यातलं काही कळतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही. वाचता येतं," आप्पा म्हणाले. "कळायला तुम्ही आहात ना."

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले, ते पुढे पंधरा-सोळा वर्षं.

मखमलाबाद नाक्यावरून ते सायकलने यायचे. बरोबर आठला काउंटरची खिडकी उघडायची. दुपारी डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा असायचा, आणि तो डबा उघडला की आतल्या खोलीतल्या सगळ्या रसायनांचा वास दबून जायचा. त्यांचं स्वतःचं अक्षर भयंकर होतं. सोनार म्हणायचा, आप्पांनी लिहिलेली चिठ्ठी आधी मायक्रोस्कोपखाली ठेवावी लागते. टायपिंग मात्र सुरेख. बिल टाइप झालं की ते तीन वेळा वाचायचे. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि एकदा नुसतं पेशंटचं नाव. सगळं बरोबर असलं तर मान किंचित डावीकडे हलवायचे आणि कागद खिडकीतून सरकवायचे. तोंडाने कधी कुणाला शाबासकी दिली नाही, ती मान हलली की समजायचं. मी सह्या केलेले रिपोर्टही ते वाचायचे, आणि तिथे मान हलली की मला पास झाल्यासारखं वाटायचं. मी एम.डी. आणि ते मॅट्रिक, तरी हे असंच होतं.

पहिल्या वर्षी आम्ही बिलात तपासण्यांची नावं पूर्ण टाइप करत होतो, जसं सगळेच करायचे. त्यातूनच ते प्रकरण झालं.

सातपूरच्या एका कारखान्यातला लेथवर काम करणारा एक माणूस आमच्याकडे आला होता. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. सर्जन ऑपरेशनआधी सगळ्यांच्याच पाच-सहा तपासण्या करून घ्यायचा, त्यात एचआयव्हीचीही असायची. ह्याचे सगळे रिपोर्ट स्वच्छ आले, ऑपरेशनही नीट झालं. खर्च कारखान्याकडून परत मिळायचा होता, म्हणून आप्पांनी सगळ्या नावांसकट सुबक बिल टाइप करून दिलं. ते बिल कारखान्याच्या ऑफिसात तीन टेबलांवरून फिरलं. पैसे मिळायला महिना लागला. बातमी कँटीनमध्ये त्याच दुपारी पोचली.

आठवड्याने तो माणूस खिडकीशी येऊन उभा राहिला. भांडायला आला असता तर मला सोपं गेलं असतं.

"आप्पा, कँटीनमधी माझा कप येगळा ठिवलाय," तो म्हणाला. "लाल दोरा बांधलाय कपाला."

"रिपोर्ट दाखव ना त्यांना," मी आतून म्हटलं. "काही नाही निघालेलं तुझ्यात."

"रिपोर्ट कोन वाचतो, मॅडम? बिल समद्यांनी वाचलं."

 दुसऱ्या दिवशी आप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. कुठे गेले ते मला सांगितलं नाही. ते त्या कामगारानेच मला पुढे कधीतरी सांगितलं. आप्पा सायकल मारत सातपूरला गेले होते, जेवणाच्या सुट्टीत त्याच्याबरोबर कँटीनमध्ये बसले, लाल दोऱ्याचा कप मागून घेतला आणि सगळ्यांच्या देखत त्यात चहा प्यायले. मग कँटीनवाल्याला म्हणाले, "चहा चांगला आहे. अजून अर्धा द्या." कपाचा दोरा सुटला. पण तो माणूस तेव्हापासून घरून थर्मास न्यायला लागला, तो कायमचा. मी हे ऐकलं तेव्हा मला आप्पांचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची तितकीच लाज वाटली, कारण त्या दिवशी मी त्या माणसाला रिपोर्ट दाखव म्हणून मोकळी झाले होते.

रजेनंतरच्या सकाळी आप्पा माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, जकातीच्या फॉर्मवर प्रत्येक मालाला नंबर असतो," ते म्हणाले. "आपण तपासण्यांना देऊ. बिलात नुसता नंबर आणि पैसे. कुठला नंबर कशाचा ती यादी कंपनीच्या डॉक्टरकडे, कुलपात."

मला ते पटलं. आम्ही दोघं त्या कारखान्याच्या डॉक्टरला जाऊन भेटलो. तो भला माणूस होता, त्याला आधीच्या प्रकाराचं वाईटही वाटलं होतं. तो हो म्हणाला. मग त्याचं नाव सांगून आम्ही आणखी चार ठिकाणी हो म्हणवून घेतलं.

नंबर देण्याचं काम आप्पांनी दोन रविवार बसून केलं. मी म्हटलं, एकपासून ओळीने द्या, रक्ताच्या आधी, मग लघवीच्या. आप्पा नाही म्हणाले. लाजेच्या तपासण्या शेजारी शेजारी आल्या तर लोकांना चार दिवसांत उमगेल, त्या साध्या तपासण्यांच्या मध्ये पेरल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

"आप्पा, कुठलीच तपासणी लाजेची नसते," मी म्हणाले, आणि पुढे पाचेक मिनिटं भाषण दिलं.

त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. "मॅडम, तुम्ही आत बसता," ते म्हणाले. "खिडकीत मी बसतो."

ती यादी तांबड्या समासाच्या एका लांबट वहीत उतरली, तीही मोत्यासारख्या अक्षरात. अक्षर बच्छाव काकूंचं. काकू सातवी शिकलेल्या. आप्पांचं अक्षर सोनारला लागणार नाही म्हणून आप्पा घरी वाचून दाखवायचे आणि काकू लिहायच्या. तपासणी कशासाठी करतात ते मी शेजारी कंसात लिहून द्यायचे, तेही त्या उतरवायच्या. वर्षभरात नव्या तपासण्या यायच्या, काही बंद व्हायच्या, खाडाखोड व्हायची, म्हणून दर दिवाळीला काकू नवी वही उतरवून द्यायच्या. फराळाचा डबा आणि वही बरोबरच यायचे. एकदा डबा द्यायला त्या स्वतः आल्या होत्या. मी विचारलं, "काकू, एवढं लिहायचा कंटाळा नाही येत?"

"आता हात आपोआप चालतो," काकू म्हणाल्या.

"तिला काय कळतंय त्यातलं," आप्पा म्हणाले. "उतरवते फक्त." काकूंनी डब्याचं झाकण नीट बसवलं आणि चकल्या आधी संपवा म्हणून सांगितलं.

पेशंट बिल हातात घेऊन विचारायचे, हे बत्तीस काय आणि एकाहत्तर काय. आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. "नाव तुमचं, नंबर आमचा." पुढे ते इतकं सवयीचं झालं की नेहमीचे पेशंट खिडकीशी आल्याबरोबर स्वतःच ते म्हणायचे. आप्पा तेव्हाही हसायचे नाहीत.

आता ह्या नंबरांनी आमची फजिती केली तेही सांगायला हवं, नाहीतर आप्पा देवमाणूस वाटायला लागतील. गरोदरपणाच्या तपासणीचा नंबर होता सतरा. आप्पा खिडकीतून आत सोनारला नंबर ओरडून सांगायचे. वर्षा-दोन वर्षांत आप्पांच्या लक्षात आलं की "सतरा" म्हटलं की बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघतात. त्यांनी त्याच दिवशी सतरा आणि चव्वेचाळीस ह्यांची अदलाबदल केली. चव्वेचाळीस म्हणजे लघवीची साधी तपासणी. वहीत फरक केला, काकूंनी तो पक्क्या शाईने लिहिला. फक्त सोनारला सांगायचं राहून गेलं. सोनारने आपल्या सोयीसाठी यादीची एक प्रत फ्रिजच्या दाराला आतून चिकटवली होती आणि तो त्या दाराव्यतिरिक्त जगात कशाकडेच बघायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मखमलाबादचे एक भाजीवाले बाबा आले. आप्पांच्या धाकाने नाव लिहीत नाही. वय सत्तरच्या घरात, डोक्याला पागोटं, लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरने पाठवलेले. आप्पांनी ओरडून सांगितलं, सतरा. सोनारने फ्रिज उघडून बघितलं आणि इमानेइतबारे बाबांची गरोदरपणाची तपासणी केली. रिपोर्ट लिहिला, निगेटिव्ह. मी रिपोर्टांच्या गठ्ठ्यावर सह्या करताना कुणाशी तरी फोनवर भांडत होते. मीही सही केली. आप्पा तेवढ्यात बँकेत गेले होते, म्हणून त्यांनी तो वाचला नाही.

संध्याकाळी बाबा परत आले. हातात रिपोर्ट, मागे तोंडाला पदर लावलेली नातसून.

"बाई, ही म्हनती ह्यो कागद माझा नाय," बाबा म्हणाले. "मंग कोनाचा हाय?"

मी कागद बघितला आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आप्पा खिडकीतून उठून बाहेर आले, बाबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कागद तुमचाच आहे बाबा. चूक माझी आहे. नंबर मी बदलला आणि सांगितलं नाही."

बाबांनी थोडा विचार केला. "पर नाय ना निघालं काही?"

"नाही."

"मंग बरं झालं. ह्या वयात झेपलं नसतं." आणि ते इतके हसले की बाकावरचे सगळे हसायला लागले. नातसून तर भिंतीकडे तोंड करून हसत होती. आप्पांनी त्यांची खरी तपासणी समोर उभं राहून करून घेतली. पुढे कित्येक महिने बाबा बाजारात जाताना आमच्या जिन्यात मेथीची एक जुडी ठेवून जायचे.

आप्पांना मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी सतरा नंबर एखाद्या बाईच्या चिठ्ठीवर असता तर काय झालं असतं, हेच त्यांच्या डोक्यात होतं. त्यानंतर नंबर बदलला की ते सोनारची वहीत सही घ्यायला लागले, आणि रोज सकाळी फ्रिजचं दार उघडून बघायला लागले. नंबर ओरडणंही बंद झालं. ते चिठ्ठी घेऊन स्वतः आत जायचे, दिवसातून साठ-सत्तर वेळा.

आप्पांची आणखी एक सवय होती आणि तिचा मला पहिली काही वर्षं फार राग यायचा. लॅबच्या बाहेर ते कुणालाही ओळख दाखवायचे नाहीत. माझ्या भाचीचं लग्न होतं. मी आप्पांना आणि काकूंना आग्रहाने बोलावलं होतं. आमच्या व्याह्यांकडचे एक गृहस्थ लॅबमध्ये वरचेवर येणारे. ते समोरून आले, आप्पांच्या हातभर अंतरावरून गेले, आणि आप्पा त्यांच्याकडे असं बघत होते जसं मांडवाच्या खांबाकडे बघावं. मला वाटलं, काय हा माणूस, निदान नमस्कार तरी करावा. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बोलले.

"मॅडम, मी नमस्कार केला की त्यांच्या बरोबरचा माणूस विचारणार, हे कोण," आप्पा म्हणाले. "ते काय सांगणार? लॅबमधले. मग तो विचारणार, लॅबमध्ये कशाला गेला होतात. एका नमस्कारापायी त्यांना खोटं बोलायला लागेल."

"आणि त्यांनीच आधी नमस्कार केला तर?"

"मग करायचा. ती त्यांची मर्जी."

अर्ध्या नाशिकची दुखणी ह्या माणसाला माहीत होती आणि रस्त्याने जाताना त्याला कुणी हाक मारायचं नाही. मी एकदा विचारलं, एकटं वाटत नाही का. "सायकलवर बोलायला कुठे वेळ असतो," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मला तेव्हा ते उत्तर पुरलं होतं. आता पुरत नाही.

दोन हजार साल उलटल्यावर आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि आमची खरी भांडणं सुरू झाली. सॉफ्टवेअरवाल्याने दाखवलं की नाव आणि तपासणी टाकली की बिल आपोआप छापून येतं, सगळी नावं पूर्ण. आप्पांनी विचारलं, नुसते नंबर छापता येतील का. तो म्हणाला, लोकांना नावं हवी असतात. आप्पांनी टाइपरायटरवरचं आवरण काढलं आणि ते कामाला लागले.

त्यातच एका मोठ्या कंपनीचं काम चालून आलं. नव्वदएक कर्मचारी, दरवर्षी सगळ्यांच्या तपासण्या. अट एकच होती, बिलात प्रत्येक माणसाच्या नावापुढे प्रत्येक तपासणीचं पूर्ण नाव पाहिजे आणि ते बिल त्यांच्या ऑफिसात जाणार, डॉक्टरकडे नाही. मला नवीन मशीन घ्यायचं होतं आणि ह्या कामावर ते सहज आलं असतं. मी हो म्हणायचं ठरवलं. आप्पा म्हणाले, ही बिलं मी करणार नाही.

"आप्पा, लॅब तुमची आहे की माझी?" मी म्हणाले. पेशंट बसलेले असताना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर राजीनामा होता. टाइप केलेला, एकही चूक नाही, समास सारखे. इतका सुबक होता की मला आधी त्याचाच राग आला. मी त्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"अहो, त्या लोकांच्या तपासण्या त्यांची कंपनीच करून घेतेय. तुम्हाला काय त्याचं?"

"मॅडम, त्या नव्वद माणसांना वाटणार ते रक्त तुम्हाला देतायत," आप्पा म्हणाले. "तुम्ही प्रत्येकाला आधी सांगा, हे तुमच्या साहेबांच्या टेबलावर जाणार आहे. सांगून मग सुई टोचा. मी नावं टाइप करतो."

 मी कंपनीला फोन केला आणि सांगितलं, नावं फक्त तुमच्या डॉक्टरला देऊ. त्यांनी काम दुसऱ्या लॅबला दिलं. नवीन मशीन दोन वर्षं उशिरा आलं आणि जुनं बंद पडलं की मी आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कुरकुर करायचे. राजीनामा मात्र मी फाडला होता, आणि त्या सगळ्या प्रकारात मला स्वतःबद्दल बरी वाटते ती तेवढीच एक गोष्ट.

साठी झाल्यावर आप्पा थांबले. निरोपाच्या दिवशी त्यांनी शेवटची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जपून ठेवा." मी हो म्हणाले. वर्षभरात काउंटरवर पल्लवी आली, हुशार मुलगी, कॉम्प्युटरवर भराभर हात चालणारी. विम्याचे लोक आले, त्यांचे स्वतःचे कोड आले, आणि आमच्या बिलावर तपासण्यांची पूर्ण नावं छापून यायला लागली. मी थांबवू शकले असते. थांबवलं नाही. सगळेच तसं करतात, असं मी स्वतःला सांगितलं.

मग तीनेक वर्षांनी एका सकाळी खिडकीशी थोडा गोंधळ ऐकू आला.

"आजोबा, नंबर नको, टेस्टचं नाव सांगा," पल्लवी म्हणत होती. "किंवा चिठ्ठी दाखवा डॉक्टरांची."

मी बाहेर आले. आप्पा उभे होते. वाळले होते, बुशकोट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता, चष्म्याला दोरी तीच. मागे बाकावर काकू मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. आप्पांनी डॉक्टरची चिठ्ठी बाहेर काढलीच नव्हती. ती बुशकोटाच्या खिशात होती आणि त्यावर त्यांनी हात ठेवला होता.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "बत्तीस आहे. आणि एक छप्पन्न."

बत्तीस म्हणजे साखर. छप्पन्न म्हणजे काय, ते मी इथे लिहिणार नाही. डॉक्टरला काहीतरी मोठी शंका आल्याशिवाय ती तपासणी कुणी सांगत नाही, एवढंच सांगते. मी काहीच विचारलं नाही. त्यांच्याकडूनच शिकले होते.

"हिला साखरेचं सांगितलंय," ते आणखी हळू म्हणाले. मी मान हलवली आणि त्यांना आत सोनारकडे पाठवलं.

पल्लवी बिल छापायला निघाली होती. मी तिला थांबवलं. टाइपरायटर कधीच भंगारात गेला होता, म्हणून लेटरहेडचा कागद घेतला आणि हाताने लिहायला बसले. नाव, तारीख, खाली बत्तीस, खाली छप्पन्न. लिहिताना काकू उठून खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. कागदाकडे त्यांनी बघितलंच नाही.

"छप्पन्न ना, मॅडम?" त्या म्हणाल्या.

माझं पेन थांबलं.

"ऐकू आलं नाही मला. पण आठ दिवसांपासून रात्री झोपत नाहीत, आणि डॉक्टरांकडून आल्यापासून चिठ्ठी खिशातून काढत नाहीत. त्यांना काय होतंय ते मला दिसतं ना. त्याला तोच नंबर लागणार." त्यांनी पिशवीचे बंद घट्ट धरले होते. "इतकी वर्षं वही मी उतरवली. शेजारी तुम्ही कंसात लिहून द्यायच्या, कशासाठी करतात ते. सगळी पाठ आहे मला."

"काकू, बसा जरा," मी म्हणाले.

"नको. फक्त त्यांना सांगू नका, मला कळलंय ते. त्यांना वाटतंय ना मला साखरेचं माहीत आहे, तर वाटू द्या. तेवढ्यानं त्यांना झोप तरी लागेल."

आप्पा बाहेर आले, कोपर दुमडून, कापूस दाबून धरलेला.

"व्हयनी का साखर?" काकूंनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, झाली का म्हणून.

"व्हयनी," आप्पा म्हणाले.

मी बिल पुढे केलं. त्यांनी ते वरून खाली वाचलं, मग खालून वर, मग नुसतं स्वतःचं नाव. मान डावीकडे हलली. कागदाची चौकोनी घडी घालून त्यांनी तो काकूंच्या हातात दिला, जसे घरचे सगळे कागद देत असतील तसा. काकूंनी तो न बघता पिशवीत टाकला. दोघं जिना उतरून गेले आणि मी केबिनचं दार लावून बऱ्याच वेळाने बाहेर आले. त्या आठवड्यात मी सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं आणि नुसते नंबर छापायची सोय करून घेतली. तो म्हणाला, हे तर पहिल्यापासून करता आलं असतं.

रिपोर्ट काय आला, तेही मी लिहिणार नाही. आप्पांना ते आवडलं नसतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. गंगापूर रोडच्या कडेला संध्याकाळी मळ्यांतली भाजी घेऊन बायका बसतात, तिथे. डोक्याला कानटोपी, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला सटाण्याकडचा असावा असा एक नातेवाईक त्यांचा हात धरून उभा. आप्पांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी हाक मारणार होते, पाऊलही पुढे टाकलं होतं. मग तो नातेवाईक दिसला, आणि तो विचारेल, ह्या कोण, आणि आप्पांना काहीतरी सांगावं लागेल, हे लक्षात आलं. आप्पा आधी बोलतात का, म्हणून मी क्षणभर थांबले. ते बोलले नाहीत.

मी मेथीची एक जुडी उचलली, भाव विचारला, पैसे दिले आणि त्यांच्या शेजारून अनोळखी बाईसारखी पुढे गेले.  वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी कोपऱ्यावर बघितलंच. आप्पा माझ्याकडेच बघत होते. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मान मात्र किंचित डावीकडे हलली.